चक्कीकडे कान

निघायच्या दिवशी बाबांनी चक्की बंद ठेवली नाही. नागपुरात नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पिठाची चक्की आहे, आणि कुणाचं तरी दळण अर्ध्यावर होतं. पाया पडणं सकाळीच झालं होतं. टॅक्सी दारात आली तेव्हा मी त्यांच्या मागे उभी राहून म्हणाले, "येते बाबा." त्यांनी वळून पाहिलं नाही. आईनं मला हाताला धरून बाहेर आणलं. "राहू दे वं, त्याइले भरून येते." विमानात मी तेवढ्यावरच रडत गेले.

आता मी कॅनडातल्या एका लहानशा गावात आहे. नवऱ्याची नोकरी इथं, म्हणून मीही. इथं जुन्या वसाहतीचं संग्रहालय आहे, तिथल्या पाणचक्कीवर मी गाईड. लांब झगा, डोक्यावर कापडी टोपी आणि नागपुरी वळणाचं इंग्रजी. लोक बिचारे ऐकून घेतात. मी सांगते, जंगल तोडून राहायला आलेल्यांनी चर्चच्याही आधी ओढ्याला बांध घातला, कारण पिठाशिवाय हिवाळा निघायचा कसा? पाण्यानं चाक फिरे, चाकानं दगड. माणसं बिनचाकी घसरगाडीवर पोती लादून कोसाकोसांवरून येत. ओढा गोठला की दळण बंद, मग नुसता गहू शिजवून खायचा. दळण होईपर्यंत ती सगळी घर सोडून आलेली माणसं एकमेकांना विचारत, तिकडचं काही कळलं का? हे सांगताना माझा आवाज जरा कापतोच.

धान्य ओततात त्या पेटीला एक घंटा जोडलेली आहे. धान्य तळाला गेलं की ती वाजते. "या आवाजानं चक्कीवाल्यांचे कान जात," मी एकदा पाहुण्यांना सांगत होते, "दगड रिकामे फिरताहेत हे त्यांना कळेना, म्हणून ही घंटा." एवढं बोलले आणि मला घरून निघायचा दिवस आठवला. बाबांना त्या दिवशी भरून वगैरे आलं नव्हतं. त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

तेव्हापासून जिवाला घोर लागला. रिकामे दगड एकमेकांवर घासले तर ठिणगी उडते, आणि तिथं हवेत सगळीकडे पीठ. आईला सांगितलं तर म्हणे, "काहून घाबरून राहिली वं? जलम गेला त्याइचा चक्कीवर." डॉक्टरचं नाव काढलं की बाबा म्हणत, "मले सगळं ऐकू येते."

एका सकाळी कामाला निघण्याआधी बाबांना व्हिडिओ फोन केला. तिकडे संध्याकाळ, दळणाची वेळ. बाबांनी फोन फळीवर टेकवला आणि कुणीतरी ठेवून गेलेल्या डब्याचं झाकण लावायला वाकले. तेवढ्यात मागचा आवाज बदलला. भरल्या दगडांची घरघर जाड असते; ही कोरडी होती, करकरीत. चक्कीपाशी बसून अभ्यास केलेली मी, मला तो फरक लगेच कळतो. आईला अजूनही कळत नाही.

"बाबा, दगड रिकामे फिरून राहिले!" मी ओरडले. ते शांतपणे झाकण दाबत होते. आईला फोन लावायचा तर यांचा कापावा लागणार, आणि कापायला हात धजेना. शेवटी कापला. आईनं चौथ्या रिंगला फोन उचलला. "आई, चक्की बंद कर, पळ!" चपलांचा आवाज, मग खटक्याचा, मग काहीच नाही.

थोड्या वेळानं बाबांचाच फोन आला.

"तुले तिथून ऐकू आलं?"

"हो बाबा," मी मोठ्यानं म्हणाले.

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "मले नाही आलं वं पोरी." बाबांना इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ते एकदा कबूल करतील तर मला बरं वाटेल, असं मी समजत होते. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले.

कानाचं मशीन आणलंय, पण चक्कीपाशी ते नुसतं कोकलतं. चक्की सोडा म्हणावं, तर बाबांचा चेहरा बघवत नाही. म्हणून आता दिवसभर चक्की बंदच. इथली सकाळ झाली की मी फोन लावते, आई तो दगडांजवळ ठेवते आणि मी चहा घेत ऐकत बसते. आवाज जरा कोरडा वाटला की आईला हाक मारते. तुम्ही जे तिथंच राहिलात ते हसाल कदाचित. माझ्यासारखे निघून आलेले हसणार नाहीत. माझं घर सध्या तेवढ्या वेळापुरतं असतं, आणि तो वेळ सगळा भीतीत जातो. मी फोन ठेवला की तिकडे खटका बंद.

काल दळण अर्ध्यावर असताना इथली रेंज गेली. फोन परत लागला तेव्हा पलीकडे चिडीचूप. मग बाबांचा आवाज आला, "आली का वं? टाकू दळण?"