पहिल्या दिवसाची पाचर

फोन दत्ताचा होता. भोसरीतल्या आमच्या गाळ्याचं शटर उघडून मी नुकताच टेबलाशी बसलो होतो आणि दत्ता चाकणहून बोलत होता. आमचा हा फिटर परभणीकडचा, एरवी शेजारच्या गाळ्यातही ऐकू जाईल असं बोलणारा. त्या सकाळी त्याचं बोलणं मला दोनदा विचारून घ्यावं लागलं. "साहेब, भाऊ खाली उतरले अन् आता काही बोलंनात." मी म्हणालो, "तू उतरू नकोस. काहीही झालं तरी उतरू नकोस. अग्निशमनला बोलव." त्या दिवशी मी जे जे बोललो त्यातलं हे एवढंच बरोबर होतं. दत्ता त्यामुळे वाचला. पण त्याबद्दल तो मला कधी चांगलं म्हणेल असं वाटत नाही. अजूनही माझ्यासमोर आला की तो जमिनीकडे पाहतो.

कंटेनरच्या रांगांतून वाट काढत मी पोहोचलो, तोवर उत्तमला, दत्ताच्या भाऊंना आणि माझ्या भागीदाराला, चेंबरमधून वर काढून ताडपत्रीवर ठेवलं होतं. पँट गुडघ्यापर्यंत ओली, वरचे कपडे कोरडे. रुग्णवाहिकेत उचलताना त्याच्या खिशातल्या पाचरी वाजल्या. तो चालताना नेहमी वाजायच्या, तशाच...

या पाचरींबद्दल सांगितल्याशिवाय उत्तमबद्दल काही सांगता येणार नाही. जमिनीखालच्या सांडपाण्याच्या वाहिन्या जिथं सिमेंटच्या चेंबरला येऊन मिळतात, तिथं भिंतीच्या तोंडात फट राहते आणि तिथूनच गळती सुरू होते. ती बंद करायला रबरी गॅस्केट बसवतात आणि गॅस्केटच्या आत स्टीलचा पट्टा. घरातल्या गॅसच्या नळीवरचा पट्टा बाहेरून आवळतो. आमचा आतून फुगतो. त्याची दोन टोकं छोट्या जॅकने एकमेकांपासून दूर रेटायची, पट्टा ताणला की रबर भिंतीवर दाबलं जातं, आणि मग टोकांमध्ये उरलेल्या फटीत स्टीलची पाचर ठोकायची. पाचर बसली की पट्टा मागे येत नाही. उत्तम आणि मी आयुष्यातली उमेदीची सगळी वर्षं हे पट्टे बनवण्यात आणि बसवण्यात घालवली. डिप्लोमाला आम्ही एका बाकावर होतो. दोघांचेही वडील पिंपरीतल्या कारखान्यांत, त्याचे यंत्रावर आणि माझे हिशेब खात्यात. पुढे भागीदारी झाली तेव्हा कामाची वाटणीही जणू तशीच झाली. रेखाटनं, दरपत्रकं आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे, चेंबर त्याच्याकडे. तो खाली उतरायचा, मी वर उभा राहायचो. या वाटणीबद्दल आमच्यात कधी वाद झाला नाही. पण ती मी कधी बदलूनही पाहिली नाही, हे आता ध्यानात येतं.

त्याची एक सवय होती. संध्याकाळी बसवलेला पट्टा तो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन ताणायचा. रात्रभरात रबर थोडं दबतं आणि पाचरीला किंचित जागा मिळते. मग पहिल्या दिवसाची पाचर काढून तो तिथं एक माप जाड पाचर बसवायचा. एकदा एका साइटवरच्या तरुण इंजिनिअरने त्याला अडवलं.

"अहो, काल फिट केलंत ना? पुन्हा कशाला?"

"साहेब, नवी नवरी पहिल्या दिवशी तक्रार करते का? दुसऱ्या दिवशी विचारायचं असतं."

"माझं लग्न नाही झालेलं."

"मग आता बघून ठेवा," म्हणत उत्तम शिडीवर पाय ठेवून खाली गेलासुद्धा.

काढलेली पाचर तो टाकून देत नसे. खिशात घालून पिंपळे गुरवला घरी न्यायचा आणि बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात टाकायचा. शोभावहिनी, म्हणजे त्याची पत्नी, त्यावरून त्याला बोलायच्या, "लोकांचे नवरे जिलबी आणतात, आमच्याकडे लोखंड येतं." त्यातली एक त्यांच्या फ्रिजच्या पायाखाली आहे, एक खिडकीत. एक आमच्या घरीही आहे. माझी आई गेली तेव्हा पहिल्या दिवशी गर्दी झाली होती. उत्तम त्या गर्दीत आला, मागे उभा राहिला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात आम्ही दोघं-तिघंच उरलो असताना तो पुन्हा आला. आईविषयी एक शब्द बोलला नाही. चहा घेतला, न्हाणीघराचं दार वाऱ्याने खडखडत होतं ते थोडा वेळ ऐकलं, खिशातून पाचर काढून चौकटीत बसवली. मग म्हणाला, "राव, थोडं झोप आता."

त्याच्या त्या सवयीचं पुढे मी काय केलं ते मला लिहिलं पाहिजे. मी ती दरपत्रकात घातली. 'दुसऱ्या दिवशीची तपासणी समाविष्ट' हे वाक्य माझं. गिऱ्हाइकांना ते आवडलं, कामं वाढली. जे तो मनाने करायचा त्याचं आता वचन झालं, आणि वचन मी दिलं की पाळायला तो जायचा. त्यात लबाडी नव्हती. तरीही त्या वाक्याखालची सही माझी आहे, आणि हल्ली दरपत्रक लिहिताना माझा हात तिथं येऊन थांबतो.

आणखीही एक गोष्ट होती. पहिल्या दिवशी आम्ही सगळं नियमाने करायचो. झाकण उघडून ठेवायचं, ब्लोअरने हवा सोडायची, गॅस मीटर दोरीने खाली सोडून पाहायचा आणि मगच माणूस उतरायचा. काम झालं की ब्लोअर टेम्पोतून परत यायचा. दुसऱ्या दिवशी तो कोणी नेत नसे. पाच मिनिटांचं काम, कालचाच चेंबर, आपणच पाहिलेला, कोरडा. हे कोणी ठरवलं नव्हतं, तसं होत गेलं आणि आम्हांला ते दिसेनासं झालं. चाकणच्या त्या चेंबरमध्ये रात्रपाळीत कोणीतरी वरची झडप उघडून कारखान्याच्या प्रक्रियेचं पाणी सोडलं होतं. थोडंच, गुडघ्याएवढं. उत्तमने वरून वाकून पाहिलं असणार, पाणी दिसलं असणार. पाण्यावर साचलेला विषारी वायू दिसणार नव्हता. रबर रात्रीत बदलतं म्हणून आम्ही वर्षानुवर्षं दुसऱ्या दिवशी जात होतो. हवाही रात्रीत बदलते, हे दोन शिकलेल्या माणसांना एकदाही सुचलं नाही.

उत्तमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, आणि दारात चप्पल घालताना वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, त्यांना परत जायलाच पाहिजे होतं का?"

मी लगेच म्हणालो, "हो वहिनी. जावंच लागतं." त्यांनी मान हलवली. बसथांब्यापर्यंत येईतो मला कळून चुकलं होतं, की हे उत्तर मी त्यांच्यासाठी दिलेलं नव्हतं. आणि ते खरं आहे की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं. उत्तमची ती शेवटची पाचर अजून चाकणच्या चेंबरमध्येच होती, पहिल्या दिवसाची. जाड पाचर बसवायच्या आतच तो शिडीवर कोलमडून तिथंच अडकला होता.

चौकशी संपून चेंबर उघडायची परवानगी मिळायला काही आठवडे गेले. मी दत्ताला म्हणालो, "या वेळी मी उतरतो." त्याने ब्लोअर स्वतः उचलून टेम्पोत ठेवला. आम्ही बराच वेळ हवा सोडली. मीटर पाहिला, पुन्हा पाहिला. दत्ताने माझ्या कमरेला दोर बांधला आणि गाठ दोनदा ओढली. पन्नाशी उलटल्यावर मी पहिल्यांदा एका चेंबरमध्ये उतरलो. खाली आवाज वेगळा होतो, आपला श्वास आपल्याच मागून येतो. उत्तम हे सारं ऐकत आला होता आणि मला त्याने कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

पट्ट्याला जॅक लावला, ताण दिला, पुढच्या मापाची पाचर धरली. ती जाईना. पुन्हा ताण दिला, हातोडी हलकेच मारली. जाईना. त्याने संध्याकाळी बसवलेली पाचर इतके दिवस लोटूनही तशीच घट्ट होती. त्या कामासाठी मी नव्या प्रकारचं, जरा कडक रबर आणलं होतं. ते फारसं दबत नाही, असं मी उत्तमला सांगितलंही होतं. तो हसून म्हणाला होता, "तुझ्या कागदाला माहीत असेल, चेंबरला कुठं माहीत आहे? बघतो आणि मग मानतो." म्हणजे तो पाहायला गेला होता... मी जॅक सैल केला आणि ती पाचर होती तिथंच राहू दिली.

पिंपळे गुरवला जाऊन वहिनींना हे सांगायचं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. आपलं मन हलकं करण्यासाठी त्यांच्या घरी ओझं ठेवून यायचं, असं तर होत नाही ना, हे स्वतःला विचारत राहिलो. पण पहिलं उत्तर खरं की खोटं हे माहीत नसताना दिलेलं होतं, आणि आता ते खोटं ठरलं होतं. शेवटी गेलो. त्या मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. "त्या दिवशी गरज नव्हती, वहिनी. जाड पाचर गेलीच नाही."

त्यांचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "हे खाली न उतरता कळलं असतं?"

"नाही."

"तुम्ही उतरलात तेव्हा हवा सोडली होती?"

"हो. आधी बराच वेळ."

"मग जायचं चुकलं नाही, भाऊजी." त्या मेथीकडे पाहत म्हणाल्या. "हवा तेवढी सोडायला पाहिजे होती."

त्यांनी उठून फ्रिजवरचा तो बिस्किटांचा डबा खाली घेतला, झाकण काढलं, आत पाहिलं. "त्या दिवशीची आणलीत का?"

"ती तिथंच आहे. काढायचं कारणच नव्हतं."

"मला यातलं घट्ट-सैल काही कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "डब्यात आवाज झाला की कळायचं, आज वर आले."

मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. "दत्ता आता जातो ना दुसऱ्या दिवशी? त्याच्या पाचरी टाकून देऊ नका. इकडे आणून देत जा."

आता दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत सगळ्यात आधी ब्लोअर चढतो. दत्ता खाली उतरतो, दोर माझ्या हातात असतो, आणि वर आला की तो खिशात हात घालून पाचर माझ्या तळहातावर ठेवतो; कधीकधी ती अजून गार असते. संध्याकाळी मी पिंपळे गुरवला जातो. वहिनी स्वयंपाकघरातच असतात, बाहेर येत नाहीत. मी डब्याचं झाकण काढतो आणि पाचर जरा वरूनच सोडतो, त्यांना आत ऐकू जाईल अशी.