चारमिनारासमोर ती पाया पडली

मी सांगून राहिली, नातीण लिहून राहिली; चुका तिच्या.

आज हैदराबादमध्ये आम्ही सहा-सात जण गाइडच्या छत्रीमागे बदकांसारखे चालत चारमिनारला पोचलो. तिथे रस्ता झाडणाऱ्या एका पोरीनं झाडू ठेवला आन् माझ्या पाया पडली.

गाइड म्हणे, "अम्मा, पैसे मत देना."

भीक कायची? ती आमगावच्या माझ्या शेजारणीची लेक. गावचं म्हातारं माणूस दिसलं की वाकतेच. गावात मात्र सगळ्यांना वाटते, ती इथल्या मोठ्या दुकानात साहेबीण आहे.

"आजी, आईले नोको सांगू," ती हळूच म्हणाली.

आताच तिच्या आईचा फोन आला, "माही पोरगी भेटली का वो, बाई?" मी म्हटलं, "आवाज येत नाही," आन् फोन कापला.

पोरीचं नाव मी इथे लिहू दिलं नाही. पण उद्या मी घरी पोचली की तिची आई दारातच उभी असेल. तिले काय सांगू?