मोहाखाली मीच लावलेली आग

मित्रांनो, सकाळी याच ग्रुपवर मी फायबरवाल्यांना शिव्या घातल्या. रात्रीपासून गावात नेट नव्हतं. शेजारची पूजा ग्रामपंचायतीत नर्सिंगचा फॉर्म भरायला बसून होती आणि आजच शेवटची तारीख. मी तलावाच्या पाळीवर चढलो, मोबाईलला रेंज आली तसं नाही नाही ते लिहिलं.

दुपारी फायबरचा लाइनमन आला. तार तपासत तपासत आमच्या मोहाच्या झाडाखाली थांबला. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून काल संध्याकाळी मीच तिथला पाला पेटवला होता. बुंध्याजवळच्या खांबावरून उतरणारी तार वितळली होती.

"का जी भाऊ, तार नाही दिसली तुमाले?" तो एवढंच बोलला. तार जोडून गेला. ग्रुपवर त्याने कारणही टाकलं नाही.

संध्याकाळी पूजा घरी आली. "काका, फॉर्म भरला! तुमी भांडले म्हणून नेट आलं."

मी म्हणालो, "बरं झालं पोरी." बस.

तिच्या तोंडावर खरं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथं लिहून राहिलो. लाइनमनभाऊ, माफ करा.

सकाळच्या पोस्टवर तुमचे अंगठे अजून येऊनच राहिले. परत घ्याल का जी ते?