दोन ट्रॉल्यांवरचं मरण

गावच्या जत्रेतलं नाटक पाहायला कुणी धुळ्याहून रावेरपर्यंत जात नाही. मीही गेलो नसतो. पण माझा मोठा भाऊ संजय तिकडे केळीच्या पॅकिंगला आहे आणि त्याला फिट येते. गोळ्या चालू आहेत. चुकल्या की पडतो. यंदा तिथल्या नाटकात त्याला सालदाराचं, म्हणजे पाटलाकडे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या गड्याचं, काम मिळालं होतं. साप चावून मरणाऱ्या सालदाराचं.

"पुढेच बसजो. त्यानावर ध्यान ठेवजो," आई निघताना म्हणाली.

माझी भीती मी तिला सांगितली नाही. मागे एकदा फोनवर संजयने विचारलं होतं, "फिटमा मी कसा दिखस रे?" स्वतःची फिट त्याने कधी पाहिलेली नाही. मी सांगितलं: आधी डावा हात आत वळतो, मग मान फिरते, मग दातखिळी बसते. सापाच्या विषासाठी तो हेच वापरणार होता. म्हणजे खरी फिट आली तरी मला ती ओळखता येणार नव्हती.

दुपारच्या एसटीने पारोळा, एरंडोल करत संध्याकाळी जळगावला पोचलो. थंडीत जाणार असाल तर स्टेशनकडच्या खाणावळीत भरीत आणि कळण्याची भाकरी चुकवू नका. दीडशेच्या आत पोट भरतं. मला दोन घासांपुढे गेलं नाही. रात्री लॉजवर त्याला दोनदा फोन करून गोळीचं विचारलं. दुसऱ्यांदा तो चिडला.

सकाळी भुसावळ, फैजपूर, सावद्यावरून रावेरची बस. भुसावळ सुटलं की दोन्ही बाजूंना केळीच केळी. पानं इतकी दाट की दहा हातांपलीकडचं दिसत नाही. शेजारच्या आजोबांनी मला धीर द्यायचा म्हणून सांगितलं, "बिबट्या हाये, पण दिवसा नाही निघत." त्याच्याच धाकाने जत्रेच्या गावात हल्ली खेळ दुपारी लावतात. रावेरहून पुढे शेअर रिक्षा मिळते, परतीची मात्र आधीच ठरवून ठेवा.

केळी भरायच्या शेडपुढे दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. मागे संजय तोंडाला रंग लावून बसला होता.

"संजय, गोळी..."

"ए भाऊ!" मंडळाचे प्रमुख नाना माझ्यावर खेकसले. "रंग लागला का घरचं नाव घ्यायचं नाही. रंग धुवेपर्यंत तो सालदार हाये."

मिशी चिकटवत असलेला नाटकातला पाटील हसला. "धुळ्याहून सख्ख्या भावाले मरताना पाह्याले आला का रे?"

सगळे हसले. संजयही हसला. गोळीचं उत्तर राहूनच गेलं.

मी बायकांच्या रांगेशेजारी, अगदी ट्रॉलीला लागून बसलो. सालदाराला साप चावला. डावा हात आत वळला. मान फिरली. दातखिळी बसली. सगळं मी सांगितलं तसं, त्याच क्रमाने. मागे बाया रडायला लागल्या. मी स्वतःला सांगत होतो, हे नाटक आहे, हे तूच शिकवलंयस.

मग त्याची उजवी टाच फळीवर घासायला लागली. एका लयीत, खर्र, खर्र. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. सांगायचं राहिलं होतं.

"संजय!" मी ओरडलो आणि ट्रॉलीवर चढलो.

कुणीही उठलं नाही. मागून एक बाई हुंदका देत म्हणाली, "पाह्य वं बाई, भाऊ आला त्याचा!" पेटीवाल्याने शोकाचं गाणं आणखी वर नेलं. मी त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली हात दिला, "गाडी आणा, खरं आहे हे!" म्हणून ओरडलो, तर टाळ्या पडल्या. इतकी माणसं समोर असताना इतकं एकटं मला कधी वाटलेलं नाही.

पहिल्यांदा कळलं ते पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीला. तिने पायातली चप्पल काढून हुंगवायला पुढे केली. चप्पल हुंगवून काही होत नाही, डॉक्टरांनी आम्हाला बजावलंय. पण ती चप्पल पाहिली आणि नाना जागेवरच थिजले. "उचला रे!" चौघांनी त्याला उचललं. लोकांनी प्रेताला हात जोडले.

रावेरच्या दवाखान्यात तासाभराने तो नीट बोलायला लागला. पहिला प्रश्न: "मना मराना भाग झाया का?"

"झाला."

"लोके रडनात का?"

त्या दिवशी सकाळची गोळी त्याने घेतली नव्हती. गोळीने जीभ जड होते, संवाद अडखळतात म्हणून.

मी धुळ्याला परत येऊन आठवडा झाला. गोळी नानांसमोर घ्यायची, या अटीवर आईने त्याला पुढच्या गावच्या खेळाला हो म्हटलंय. असं मरण पंचक्रोशीत कुणी पाहिलं नव्हतं, असं लोक त्याला सांगतात. त्याला एवढंच दुःख आहे की ते त्याने स्वतः पाहिलं नाही. काल फोनवर म्हणाला, "या टाइमले काय येगळं झायं रे? बठ्ठं सांग."

हात सांगितला, मान सांगितली, दातखिळी सांगितली. टाचेचं सांगितलं नाही. पुढच्या खेळालाही मी पुढच्याच रांगेत बसणार आहे, आणि माझं लक्ष फक्त त्याच्या पायांकडे असेल.