चिंचेतला गोळा

पारनेरकडच्या एका गावात मी प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. गावाबाहेरच्या माळावर फार पूर्वी लढाई झाली, असं गाव सांगतं. तिथं शेंदूर फासलेले चार वीरगळ आणि एक थोरली चिंच. जिच्याखाली माणसं पडली तिला लोखंड लावायचं नाही, असा रिवाज.

रस्ता रुंद करायचा ठरला आणि खोडावर तोडायच्या खुणेचा पांढरा पट्टा आला. ग्रामसभेत रस्त्याचे साहेब रिवाज ऐकूनच घेईनात. माझं डोकं फिरलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! "अहो, या खोडात तोफेचा गोळा आहे. माझ्या आजोबांनी हात लावून पाहिलाय."

धादांत खोटं. आजोबांनी हे गाव कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. पण रस्ता वळला, माझा सत्कार झाला. शाल-नारळ घेताना लाज वाटायला हवी होती. माझी मेल्याची उलट छाती फुगली.

मग नगरहून लोक यायला लागले. गोळा शोधायला कुणी दगडानं खोड ठोकी, कुणी साल सोली. पुढच्या वर्षी एका अंगाला पालवी फुटलीच नाही. शेजारी एका म्हाताऱ्या मावशीचं घर. जन्मभर ऊसतोड केलेली बाई, पण चिंचेला रोज हंडाभर पाणी घालायची. तिनं मला गाठलं.

"गुरुजी, त्यो गोळा नेमका कुठं हाय? काढून देवळात ठिवू. मग तरी लोक सोडतील बिचारीला."

खरं सांगायला काय जात होतं माझं? पण सत्काराचा फोटो ग्रामपंचायतीत लटकत होता ना! मी खोडावर बोट ठेवलं. "इथंच असेल."

चार दिवसांनी गेलो तर तिथं वीतभर भगदाड. मावशी घामाघूम, हातात पटाशी. चिंचेपुढं नाक घासून, माफी मागून तिनं स्वतः लोखंड लावलं होतं.

"लागंना ओ गुरुजी. लई आत हाय का? अजून खोल जाऊ?"

मला मान वर करवेना. म्हटलं, "मावशी, गोळा नाहीच. मी खोटं बोललो होतो."

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पटाशी खाली ठेवली, शेणमाती कालवली आणि भगदाडात लिंपायला लागली. मी मदतीला वाकलो.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमी नका हात लावू तिला."