शुद्ध मराठीतला देव

आमच्या देवपूरच्या घरात दोन भाषा होत्या. भांडणं, लाड, स्वयंपाक सगळं अहिराणीत. प्रार्थना तेवढी शुद्ध मराठीत. आई भडगावकडच्या खेड्यातली. एरवी पोरांवर अहिराणीत खेकसणारी ही बाई जेवणाआधी डोळे मिटले की "हे कृपाळू परमेश्वरा, आम्ही तुजपुढे लीन होतो" अशी सुरू व्हायची. आम्हा भावंडांना हसू आवरायचं नाही. देवाला अहिराणी कळत नाही, अशी तिची पक्की समजूत होती. आबा, म्हणजे वडील, एस.टी.त कंडक्टर, दिवसभर ओरडून दमलेले. घरात त्यांच्या वाट्याला फक्त 'आमेन'.

आई आजारी पडली तेव्हा चर्चची मंडळी घरी येऊन प्रार्थना करत. पाळकसाहेब म्हणाले, विश्वास असेल तर ती उठेल. ती उठली नाही. शेवटी शेवटी तर तिला ते जड शब्दच आठवेनात. "मना जीव घाबरस," असं मला सांगायची. देवाला सांगायची वेळ आली की नुसते ओठ हलवून गप्प व्हायची. जन्मभर ज्याच्याशी बोलली, त्याच्याशीच तिला मरताना बोलता आलं नाही. याचा मला अजून राग येतो. दफनविधीनंतर कुणीतरी म्हणालं, घरच्यांचाच विश्वास कमी पडला असेल. तेव्हापासून मी चर्चची पायरी चढले नाही. मागितलं की बरं करणारा देव माझ्यापुरता संपला.

मी जळगावला नोकरी करते, रविवारी आबांकडे येते. ते उपासनेला जातात, मी भाकऱ्या थापते. आई गेल्यावरच्या पहिल्याच रविवारी ताट वाढलं तरी ते हात लावेनात. प्रार्थनेशिवाय ते घास मोडत नसत, आणि प्रार्थना नेहमी आईच करायची.

"आबा, एकटे असता तेव्हा काय करता?"

"तुनी मायनी वाट दखस जराशी. मंग जेवस."

मी त्यांच्या ताटात अजून एक भाकरी ठेवली. ते म्हणाले, "तू कर."

"माले नई येत, आबा."

"तुनी मायले तरी शेवटले कोठे उनी प्रार्थना? येस तशी बोल."

मी डोळे मिटले. लहानपणी पाठ केलेलं एक वाक्य ओठांवर येत होतं, ते मी गिळलं.

"देवा, माय नई शे. आबा एकला शेतस. तू तरी शे ना?"

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. आबा आमेन म्हणाले नाहीत. "शे," म्हणाले, आणि रडत रडत भाकरी मोडली.

अजूनही मी रविवारी, तो आहे ना, एवढंच विचारते. पाळकसाहेब याला विश्वास म्हणणार नाहीत. माझ्याकडे एवढाच आहे. देवाला अहिराणी चालते, हे आईला सांगायचं मात्र राहून गेलं.