थोबाडीत खाणारा नट

पहिली थोबाडीत सुताराला चुकून बसली. त्यानंतरची एकही चुकून नव्हती.

नाटक कंपनीत तो नेपथ्याचं काम करायचा. लाकडाच्या चौकटी ठोकायच्या, त्यावर कापड ताणायचं, खोटी भिंत उभी करायची, त्यात खरं उघडणारं दार बसवायचं. हाताला चांगला होता. त्याचं दार प्रयोगात कधी अडकलं नाही की कुरकुरलं नाही. प्रयोग चालू असताना तो विंगेत स्टुलावर बसून डुलक्या काढायचा, आणि पडदा पडला की भिंत उतरवून टेम्पोत भरायचा. नाटक काय आहे हे त्याला विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं.

एका दुपारी नोकराचं काम करणाऱ्या नटाला जुलाब लागले. तिसरी घंटा झाली होती. मालकांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि नोकराचा सदरा अंगाला बसेल असा माणूस त्यांना स्टुलावर पेंगताना दिसला.

"एकच वाक्य आहे रे. आत जायचं, 'साहेब, पाहुणे आलेत' म्हणायचं आणि बाहेर यायचं. एवढं तर पोपटालाही जमतं."

सुतार आत गेला. डोळ्यांवर दिवे आले, समोर काळोखात सातशे माणसं श्वास घेत होती, आणि ते वाक्य डोक्यातून जे पळालं ते पळालंच. मुख्य नटानं सावरून घेतलं. "काय रे, कोण आलंय?" सुतार गप्प. "अरे, कोण आलंय म्हणतो मी!" सुतार प्रामाणिकपणे म्हणाला, "मी."

या वाक्यानंतर मुख्य नटाचं सगळ्यात मोठं भाषण होतं. अठरा वर्षं तालमी करून घासलेला माणूस तो; सगळी कंपनी त्याला साहेब म्हणायची. त्याचा हात सुटला. सुताराच्या डाव्या कानाखाली असा जाळ निघाला की तो गरकन फिरून स्वतःच बसवलेल्या दारावर आपटला. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी काय झालं ते कळलंच नाही, मग जिभेनं दात चाचपले, मग खालचा ओठ थरथरला, आणि शेवटी डोळ्यांना कळलं की आपल्याला लागलंय.

थिएटर फुटलं. लोक खुर्च्यांवर हात आपटून हसले. साहेबांचं भाषण त्या हसण्यात वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी जुलाबवाला बरा होऊन आला, तर मालकांनी त्याला अजून आठवडाभर विश्रांती घ्यायला सांगितलं. तो आठवडा काही संपला नाही.

वर्षभरात लोक त्या एका थपडेसाठी तिकिटं काढू लागले. मालकांनी नाटक बदललं तरी नोकर ठेवला. ऐतिहासिक नाटकात पहारेकरी, कौटुंबिक नाटकात घरजावई, रहस्यनाटकात हवालदार. कपडे बदलायचे, गाल तोच. पुढे तोच प्रसंग टीव्हीवर दर आठवड्याला दिसू लागला आणि घराघरात त्याचं नाव पडलं : गालोबा. सुतारकाम सुटलं. हाताचे घट्टे गेले, बोटं मऊ पडली. बायकोनं नवे पडदे लावले आणि शेजारणींना सांगू लागली, "आमच्या ह्यांना एक मिनिट उसंत नाही बाई."

आपल्याला अभिनय येत नाही हे सुताराला पक्कं माहीत होतं. तो नुसता उभा राहायचा. पण लोक सही मागतात तेव्हा कुणाला नको असतं? त्यालाही हवं होतं. हळूहळू इतकं हवं झालं की बाजारात कुणी ओळखलं नाही तर तो उगाच दुकानासमोर घुटमळायचा, एक गाल जरासा पुढे करून.

साहेबांच्या मात्र ते जिव्हारी लागलं. कानामागून आला नि तिखट झाला. तेही साधा सुतार! साहेबांनी राजे केले, खुनी केले, आंधळा म्हातारा केला तेव्हा समोरच्या बायका पदरात रडल्या होत्या. आता ते रस्त्यानं निघाले की लोक म्हणायचे, "अरे, तो बघ, गालोबाला मारणारा." ते दर प्रयोगाला थोडं जास्त जोरानं मारू लागले.

चौथ्या वर्षी एक नवी नटी कंपनीत आली. पहिल्याच प्रयोगानंतर तिनं सुताराला ओल्या रुमालानं गाल शेकताना पाहिलं.

"अहो, ते तुम्हाला खरंच मारतात?"

"म्हणजे? खोटं कसं मारणार?"

तिनं दाखवलं. मारणाऱ्याचा हात गालापासून चार बोटं लांबून जातो, आणि खाणारा त्याच क्षणी कमरेपाशी टाळी वाजवतो. "मला शाळेत असताना शिबिरात शिकवलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या साहेबांनीच."

सुतार थेट मेकअपच्या खोलीत गेला. साहेब आरशासमोर मिशी काढत होते. त्याचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ज्याला दुखल्याचं दाखवता येतं, त्याला खोटं मारतात," ते म्हणाले. "तुला येतं?"

सुतारानं ओला रुमाल पुन्हा गालाला लावला.

"मग तुला दुखवावंच लागतं."

मालकांच्या सांगण्यावरून एक प्रयोग तसा करून पाहिला. साहेबांचा हात लांबून गेला, सुतारानं टाळी वाजवली, जराशी उशिरा. तोंड वाकडं केलं. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं, बस्स. मध्यंतरात मालक विंगेत येऊन सुतारावरच डाफरले. आणि दुसऱ्या दिवशी पडदा वर जायच्या आधी सुतार स्वतःहून साहेबांपाशी गेला, मान खाली घालून म्हणाला, "साहेब, खरीच मारा."

साहेब इतके मनापासून हसले की त्यांचा मेकअप पुन्हा करावा लागला.

डाव्या कानातून पू येऊ लागला तेव्हा सुतार डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी दिवा लावून कानात पाहिलं, पडदा फाटलाय म्हणाले, आता फारसं ऐकू येणार नाही म्हणाले, थेंब लिहून दिले. मग खुर्ची मागे सरकवून, जरा लाजत, त्यांनी नर्सला आत बोलावलं आणि मोबाइल तिच्या हातात दिला.

"एक घेऊ का हो? बायकोला दाखवायचंय. उजव्या बाजूला मारतो, काळजी नको."

सुतारानं उजवा गाल पुढे केला. नर्सचा हात हसण्यानं हलला, म्हणून दुसऱ्यांदा करावं लागलं.

त्याची आई गेली तेव्हा घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. भावकी, शेजारी, कंपनीची माणसं. आईला उचलायची वेळ आली आणि सुताराचा बांध फुटला. खालचा ओठ थरथरू लागला, डोळे मोठे झाले. समोर उभ्या असलेल्या मामानं घाईघाईनं भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. मग दारातल्या दोघी एकमेकींना चिमटे काढू लागल्या. कुणाच्या तरी नाकातून हसू सुटलं, आणि ते दाबायला अख्खी खोली खोकू लागली. माणसं वाईट नव्हती. सगळ्यांना म्हातारीचं दुःख होतं. पण तो चेहरा त्यांनी दर आठवड्याला जेवताना पाहिला होता.

बायको कानाशी येऊन म्हणाली, "तोंड झाका हो. शोभा होतेय." तो डावा कान आहे हे लक्षात येऊन ती उजवीकडे गेली आणि तेच पुन्हा म्हणाली. सुतारानं तोंडावर टॉवेल घेतला. आईला शेवटचं पाहिलं ते त्या टॉवेलच्या फटीतून.

मुलगी तेव्हा कॉलेजात होती. बापाबरोबर रस्त्यानं चालायची नाही. आजीनंतर महिन्याभरानं ती जेवताना म्हणाली, "बाबा, एक विचारू? तुम्हाला नक्की काय येतं?" टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहीत नव्हतं.

हा प्रश्न घशात अडकलेला असतानाच एक दिग्दर्शिका घरी आली. हौशी मंडळी, छोटं थिएटर, पैसे जवळजवळ नाहीत. नाटकात एका बापाला प्रेतं ठेवतात त्या खोलीत बोलावलंय. चादर बाजूला करून आपला मुलगा ओळखायचाय. एवढंच नाटक. "मला तुमचा चेहरा हवाय," ती म्हणाली, "गाल नको."

तीन महिने त्यानं तालीम केली. कंपनीचे प्रयोग सांभाळून, सकाळी सहा ते नऊ. घरी भिंतीकडे तोंड करून वाक्यं पाठ केली. सुरुवातीला लाकूड होता. मग एका सकाळी चादर उचलताना त्याला आईचा टॉवेलच्या फटीतला चेहरा दिसला आणि त्याच्या तोंडून वाक्य असं आलं की प्रेत झालेला पोरगा पडल्यापडल्या रडला. दिग्दर्शिकेनं हातातली वही मिटली. मग म्हणाली, "हे सापडलंय. आता हलवू नका." सुतार त्या दिवशी पायी घरी गेला. वाटेत तिघांनी ओळखलं, पण तो थांबला नाही.

पहिल्या प्रयोगाला त्यानं मुलीला आणलं. बायकोला आणलं. मालकांना आणि साहेबांना स्वतः जाऊन निमंत्रण दिलं, आणि पहिल्या रांगेत बसवलं.

पंचवीस मिनिटं सगळं सुरळीत झालं. हवालदार आत आला. चादर बाजूला झाली. हवालदारानं विचारलं, "हाच का तुमचा मुलगा?" सुतार पाहत राहिला. थिएटरमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. त्याचा खालचा ओठ थरथरला.

तिसऱ्या रांगेतून एक बाई शेजारणीला म्हणाली, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "आता बसणार बघ!"

एक जण हसला. मग एक रांग. मग सगळेच. सुतारानं वाक्य म्हटलं. तेच, सापडलेलं. जितकं खरं म्हटलं तितकं हसू वाढलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं मुलीला शोधलं. ती दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून बसली होती, आणि हसत होती.

तेवढ्यात साहेब उठले. सावकाश कोट झटकला, बाजूच्या तीन पायऱ्या चढून मंचावर आले, प्रेताला वळसा घातला, आणि सुताराला एक सणसणीत ठेवून दिली.

असा गजर त्या छोट्या थिएटरनं कधी ऐकला नव्हता. पेपरात छापून आलं, रटाळ प्रयोग ज्येष्ठ नटाच्या समयसूचकतेमुळे वाचला. दिग्दर्शिकेनं नाटक बंद केलं.

"साहेब, का केलंत?" सुतारानं नंतर विचारलं.

"बुडत होतास. वर काढला तुला." साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लेका, त्या वाक्याला मीसुद्धा क्षणभर हललो होतो रे. पण त्याचं काय करायचं?"

त्यानंतर सात वर्षं सुतारानं कुठलीही तक्रार न करता खाल्ली.

मग साहेबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही अर्धी गेली. मालकांचा दौरा तीन आठवड्यांवर आला होता. त्यांनी जाहिरात दिली, आणि एका दुपारी रिकाम्या थिएटरात बावीस तरुण नट रांगेनं उभे राहिले. प्रत्येकानं एक वाक्य म्हणायचं आणि सुताराला मारायची. मालक सहाव्या रांगेत बसून कागदावर खुणा करत होते. काहींचे हात घाबरून घसरले, त्यांना पुन्हा संधी दिली. एकानं मारायच्या आधी सुताराच्या पाया पडून घेतलं. पंधराव्याला सुताराच्या तोंडातून रक्त आलं. मालकांनी पाच मिनिटांची सुट्टी दिली, आणि सुतार चूळ भरून परत जागेवर येऊन उभा राहिला. एकोणिसावा पोरगा निवडला गेला. उंच, व्हॉलीबॉल खेळलेला. उरलेले तिघे लांबून आले होते, मालकांनी त्यांचंही मन मोडलं नाही.

दौरा जोरात झाला. परत आल्यावर सुतार साहेबांना भेटायला गेला.

तिसरा मजला. भिंतीवर राजा, खुनी, आंधळा म्हातारा यांचे फोटो. साहेब पलंगावर उशांना टेकून बसले होते आणि त्यांची बायको हनुवटीवर सांडलेली पेज पुसत होती. तिनं सुतारासाठी चहा आणला. सुतारानं खुर्ची पलंगाशी ओढली.

"को...ण?" साहेबांनी विचारलं. "को...ण मा...रतं?"

"एक नवीन मुलगा आहे."

"ब...रा?"

काय बोलायचं ते सुतार जिना चढताना ठरवून आला होता. तुमची सर कुणाला येणार साहेब, हे वाक्य त्याला पाठ होतं. तो पलंगाकडे पाहत राहिला. मग खुर्चीत पुढे वाकून, साहेबांना नीट कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणाला :

"तुमच्यापेक्षा चांगला आहे. हात मोकळा आहे त्याचा. लोक तुमच्या वेळेपेक्षा जास्त हसतात. परवा एकानं विचारलं, आधी कोण मारायचं हो? पाच-सहा जण होतो, कुणाला नावच आठवेना." तो थांबला. "मलाही जरा वेळ लागला."

साहेबांच्या तोंडातून आवाज निघाला, पण शब्द झाला नाही. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मग चादरीवरचा त्यांचा डावा हात हलला. तोच एक हात उरला होता. तो हळूहळू वर आला, थरथरत, सुताराच्या गालाच्या दिशेनं. मारायला होता की धरायला, कुणाला सांगता आलं नसतं.

सुतारानं खुर्ची वीतभर मागे सरकवली.

हात हवेत राहिला, आणि मग पडला. साहेबांनी तो पुन्हा उचलला. सुतार बघत बसला. चहाचा घोट घेतला, आणि पुन्हा बघत बसला. आयुष्यात कधी नव्हतं इतकं बरं त्याला वाटत होतं.

साहेबांच्या बायकोनं दारातून हे पाहिलं होतं. ती आत आली आणि अर्धा भरलेला कप तिनं सुताराच्या हातातून काढून घेतला.

"तुम्हाला प्रयोगाला उशीर होईल," ती म्हणाली.